पांढऱ्या कोटातला विद्यार्थी

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात डॉक्टरांवर लेख कशाला, असे काहींना वाटेल. कथा, कविता, संतवाङ्मय, लोकगीते आणि फार तर निवडणुकीवरचा एखादा लेख, एवढीच या पानांची सवय आहे. पण मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. माणसे जिथे एकत्र येऊन काम करतात, शिकतात, एकमेकांना सांभाळतात किंवा दुखावतात, ती प्रत्येक जागा आपल्या विषयात येते, असे आमचे सर नेहमी सांगतात. रुग्णालय ही तशीच एक जागा आहे. शिवाय चांदूर बाजारच्या माणसाचा आणि मोठ्या रुग्णालयाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. ताप, खोकला, साधे बाळंतपण इथपर्यंत आपले ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे अचलपूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अमरावतीचे इर्विन. आणि तिथेही "नागपूरला न्या" म्हणाले की मग मेडिकल. या वाटेने ज्या घरातले कोणीच कधी गेले नाही, असे घर आपल्या तालुक्यात शोधून काढावे लागेल.

या वाटेच्या शेवटी, रात्री दोन वाजता, आपल्या माणसाच्या कॉटपाशी जो उभा असतो तो बहुतेक वेळा मोठा डॉक्टर नसतो. तो अजून शिकत असलेला डॉक्टर असतो. आपण त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणतो, पण त्याच्याही परीक्षा व्हायच्या असतात, त्यालाही प्रबंध लिहायचा असतो, आणि त्याच्याही वर रागावणारे सर असतात. थोडक्यात, तो पांढऱ्या कोटातला विद्यार्थीच असतो. त्याच्यावरचा ताण हा आज जगभर अभ्यासाचा विषय झाला आहे. त्या अभ्यासातून मला जे उमगले ते या लेखात सांगायचा प्रयत्न करते. माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे : हा ताण नुसत्या कामाच्या ढिगाने येत नाही, काम शिक्षणापासून आणि माणुसकीपासून तुटले म्हणजे तो असह्य होतो. आणि तो असह्य झाला की नुकसान एकट्या डॉक्टरचे होत नाही, आपलेही होते.

आधी हा विद्यार्थी कोण ते पाहू. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन एम.बी.बी.एस.ला गेलेला मुलगा साडेचार वर्षे शिकतो आणि नंतर एक वर्ष रुग्णालयात आंतरवासिता करतो. या काळात त्याला 'इंटर्न' म्हणतात. त्यानंतर पुन्हा प्रवेश परीक्षा, आणि मग एम.डी. किंवा एम.एस.ची ३ वर्षे. या ३ वर्षांतला विद्यार्थी म्हणजे निवासी डॉक्टर. त्याला विद्यावेतन मिळते, म्हणून तो नोकर. तो शुल्क भरतो आणि परीक्षा देतो, म्हणून तो विद्यार्थी. हे दुहेरीपण नीट ध्यानात ठेवले पाहिजे, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातूनच निघते. रुग्णालयाला वाटते की हा आपला कामाचा माणूस आहे. त्याला वाटते की मी इथे शिकायला आलो आहे. दोघांचेही बरोबर असते, आणि ओढाताण तिथेच सुरू होते.

'निवासी' हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तिथे विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड या दोघा नामवंत डॉक्टरांनी शिक्षणाची नवी पद्धत घालून दिली. तरुण डॉक्टरांनी रुग्णालयातच राहावे, रात्रंदिवस रुग्णांजवळ असावे आणि जबाबदारी हळूहळू वाढवत न्यावी, अशी ती पद्धत होती. तिचे फायदे मोठे होते. पुस्तकातला न्यूमोनिया आणि कॉटवरचा न्यूमोनिया यांतला फरक कॉटपाशी बसल्याशिवाय कळत नाही. पण या पद्धतीत एक गृहीत धरलेले होते : शिकणाऱ्याला घर नाही, संसार नाही, थकवा नाही. हॉल्स्टेड हे शल्यविद्येतले थोर नाव. बधिरतेसाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना त्यांना त्याचे व्यसन लागले, आणि पुढे मॉर्फिनचेही लागले, हे इतिहासाने नोंदवलेले आहे. न थकणाऱ्या माणसाच्या मापाने ज्यांनी शिक्षणाचा अंगरखा शिवला, त्यांनाही तो सुखाने अंगावर वागवता आला नाही. आज निवासी डॉक्टर मुलगी असते, कुणाची आई असते, कुणाच्या घरी शेतीचे कर्ज असते. अंगरखा मात्र पुष्कळसा तोच राहिला आहे.

आता 'ताण' या शब्दाकडे वळू. वऱ्हाडातल्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. आपल्याकडे संत्र्याच्या बागेला ताण देतात. आंबिया बहार घ्यायचा असला की साधारण डिसेंबर-जानेवारीत बागेचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, काही गळतात. झाड पुरते ताणावर आले की खत घालून पाणी सोडतात आणि झाड फुलावर येते. याला 'ताण तोडणे' म्हणतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत उशिरा. म्हणून शहाणा बागाईतदार शेजाऱ्याचे पाहून पाणी सोडत नाही, आपल्या झाडाचे पान पाहून सोडतो. ताण लांबला तर फुले येत नाहीत, फांद्या वाळतात, सल वाढते आणि पुढची काही वर्षे झाड उभारी धरत नाही.

मानसशास्त्राने हीच गोष्ट आपल्या भाषेत सांगितली आहे. यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. बेताची चेतना शिकण्याला मदत करते, पण काम अवघड असेल तर थोडीशी जास्त चेतनाही शिकणे बिघडवते, असे त्यांना आढळले. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली शरीरावर सतत येणाऱ्या दडपणाचे परिणाम मांडले आणि पुढे 'स्ट्रेस' हा शब्द जगभर रूढ केला. त्यानंतर रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. माणसाला खचवते ते नुसते भरपूर काम नव्हे; भरपूर काम आणि त्यावर आपले काहीच न चालणे या दोहोंची जोडी खचवते. काम पुष्कळ असले, पण ते कसे करायचे हे ठरवण्याची थोडी मोकळीक असली आणि त्यातून काही शिकता आले, तर माणूस त्याच कामाने वाढतो. म्हणजे प्रश्न ताण द्यावा की नाही हा नाही. तो तोडायला कोणी आहे की नाही, हा आहे.

माझा मामेभाऊ एका मोठ्या शासकीय रुग्णालयात औषधशास्त्र विभागात निवासी डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीत तो दीड दिवसासाठी घरी आला होता. मी त्याला विचारले, "दादा, तुला सगळ्यात जड काय जाते? रात्रीची ड्यूटी?" तो म्हणाला, "रात्रीची ड्यूटी जड नाही. एखादा अत्यवस्थ पेशंट रात्रभर सांभाळला आणि सकाळी राउंडला सरांनी त्यावर दहा मिनिटे शिकवले, की झोप नाही झाली हे आठवतही नाही. पण रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, हरवलेले रिपोर्ट शोधणे, स्ट्रेचर ओढणे, रक्तपेढीत रांग लावणे यात रात्र गेली, आणि सकाळी सगळ्यांसमोर 'एवढेही माहीत नाही का' म्हणून ऐकून घेतले, तर तो दिवस जड जातो." मला वाटते, कॅरासेकांचा सगळा सिद्धांत त्याच्या या उत्तरात आला.

तीन वर्षांपूर्वी आजोबांना विदर्भातल्याच एका मोठ्या रुग्णालयात ठेवले होते तेव्हा मी आठ दिवस तिथे होते. वॉर्डात खाली गाद्या टाकून रुग्ण झोपलेले असत. एक उंच, किडकिडीत मुलगा सकाळी सलाईन लावताना दिसे. दुपारी तोच केसपेपर लिहिताना दिसे. रात्री तोच एका म्हातारीचे स्ट्रेचर एकट्याने लिफ्टकडे ढकलताना दिसे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच. आजी मला म्हणाली, "बाप्पा, हे पोट्टं झोपते तरी कवा?" या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मला देता आले नव्हते. पुढे वाचले तेव्हा कळले की हाच प्रश्न जगाने न्यायालयात आणि प्रयोगशाळेतही विचारला आहे.

न्यूयॉर्कमध्ये मार्च १९८४ मध्ये लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ताप आणि अंगाच्या झटक्यांमुळे रुग्णालयात दाखल झाली आणि काही तासांतच वारली. तिच्यावर रात्री उपचार करणारे दोघेही शिकाऊ डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे इतर पुष्कळ रुग्ण होते. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी प्रश्न लावून धरला. डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात नियम झाला : शिकाऊ डॉक्टरने आठवड्याला ८० तासांपेक्षा जास्त आणि सलग २४ तासांपेक्षा जास्त काम करू नये. २००३ मध्ये ८० तासांची मर्यादा सगळ्या अमेरिकेत लागू झाली. युरोपात तर २००९ पासून ती ४८ तासांवर आली. मात्र बेल समितीने तासांइतकाच भर आणखी एका गोष्टीवर दिला होता, आणि ती पुष्कळांच्या लक्षात राहत नाही : रात्रीसुद्धा अनुभवी डॉक्टर शिकाऊ डॉक्टरच्या हाकेच्या अंतरावर असला पाहिजे.

झोपेचे गणित आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावते. २४ तास जागल्यावर ते प्रमाण साधारण ०.१० टक्क्यांच्या बरोबरीला जाते. भारतात वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत आपण कोणाला मोटारसायकलही चालवू देणार नाही, त्या अवस्थेत आपण एका तरुणाच्या हाती सुई आणि औषधाची मात्रा देतो. बोस्टनमधल्या अतिदक्षता विभागात २००४ मध्ये एक तुलना झाली. त्यात जुन्या पद्धतीने दीर्घ पाळ्या करणाऱ्या इंटर्नांकडून, कमी तासांच्या वेळापत्रकातल्या इंटर्नांपेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक गंभीर चुका झाल्या. त्या इंटर्नांची बुद्धी सारखीच होती, त्यांच्या झोपेत तेवढा फरक होता.

तास कमी केले की सगळे प्रश्न सुटतात, असे मात्र नाही. पाळी बदलली की रुग्णाची माहिती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि या देवघेवीत काही तरी सांडते. गावच्या पाणवठ्यावरून हंडा घरी येईपर्यंत पाणी हिंदकळते तसेच हे. अमेरिकेतल्या काही बालरुग्णालयांनी माहिती सोपवण्याची ठराविक रीत निवासी डॉक्टरांना शिकवली, आणि २०१४ च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. याचा अर्थ असा की विश्रांती पाहिजे, आणि शिस्तशीर शिकवणूकही पाहिजे. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

आपल्या देशात नियम नाहीत असे कोणी समजू नये. केंद्र शासनाच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेतच सांगितले आहे की सलग काम साधारणपणे दिवसाला १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त नसावे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या नियमांत 'वाजवी' कामाचे तास, 'वाजवी' विश्रांती आणि आठवड्याची सुटी हे शब्द आहेत. पण 'वाजवी' म्हणजे किती, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे असा तो शब्द आहे. याच आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ मध्ये आपला अहवाल दिला. आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुटी हवी आणि रोज ७ ते ८ तास झोप हवी, अशी त्यात शिफारस आहे. १९९२ मध्ये ४८ तास आणि २०२४ मध्ये ७४ तास. ३२ वर्षांत कागदही खऱ्या परिस्थितीकडे किती सरकला, हे या दोन आकड्यांवरून दिसते.

त्याच अहवालासाठी देशभर एक पाहणी झाली. तिच्यात ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली. त्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आपल्या मनात आत्महत्येचे विचार आल्याचे नोंदवले. ही पाहणी ऐच्छिक होती. ज्यांना त्रास आहे ते अशा पाहणीला अधिक संख्येने उत्तर देतात, ही सूट धरली तरी आकडा झोप उडवणारा आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात इंटर्नशिप सुरू होण्यापूर्वी नैराश्याची लक्षणे १०० पैकी सुमारे ४ जणांत होती. वर्षभरातल्या तपासण्यांत ती सरासरी २६ जणांत आढळली. मुले तीच होती. म्हणजे 'आजची पिढीच नाजूक' हे उत्तर इथे पुरत नाही. पिढी वर्षभरात बदलत नाही, तिच्याभोवतीचे वातावरण बदलते.

वातावरण ही हवेतली गोष्ट वाटते, पण तिचेही मोजमाप आहे. ब्रिटनमध्ये २००५ साली रुग्णालयात शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी ४० विधानांची एक प्रश्नावली तयार झाली. तिचे तीन भाग आहेत. पहिला भाग कामातल्या मोकळिकीचा : मला माझ्या कुवतीप्रमाणे जबाबदारी मिळते का, माझे कामाचे तास ठीक आहेत का, नको ती कामे माझ्या गळ्यात पडतात का. दुसरा भाग शिकवण्याचा : सर समजावून सांगतात का, माझ्या कामावर वेळेवर मत देतात का. तिसरा भाग आधाराचा : रात्री काम करताना खायला मिळते का, राहायची जागा धड आहे का, जातवंश किंवा स्त्रीपुरुष असा भेद होतो का, आणि चूक झाली तर दोष देण्याऐवजी ती समजून घेण्याची रीत आहे का. दादाचे बोलणे मी या तीन भागांत मांडून पाहिले, तेव्हा त्याची तक्रार पहिल्या आणि दुसऱ्या भागातली होती. आजीचा प्रश्न पहिल्या आणि तिसऱ्या भागातला होता. तिने ही प्रश्नावली अर्थातच पाहिलेली नव्हती.

वातावरण बिघडले की माणसाचे काय होते? क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये ज्याचे मोजमाप दिले त्याला 'बर्नआउट' म्हणतात. आपल्या शब्दांत सांगायचे तर माणूस आतून करपतो. त्याची तीन लक्षणे आहेत. पहिले, मनाची शक्ती आटणे. दुसरे, समोरचा माणूस माणूस न वाटणे. तिसरे, आपल्या हातून काही होत नाही अशी भावना. यातले दुसरे लक्षण आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. 'डॉक्टर अंगावर येतात', 'नीट बोलत नाहीत', 'पेशंटला बारा नंबरची कॉट म्हणतात' अशा तक्रारी बसस्टँडवर रोज ऐकू येतात. तक्रार खरीच असते, आणि तिचा त्रास सोसणारा रुग्ण त्यात निर्दोष असतो. पण हा उर्मटपणा सगळाच स्वभावातून येत नाही. पुष्कळदा तो करपण्याचा वास असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात बर्नआउटला रोग म्हटलेले नाही, कामाच्या जागेशी जोडलेली स्थिती म्हटले आहे. म्हणून त्याचा उपचारही एकट्या माणसावर करून भागत नाही, कामाच्या जागेवर करावा लागतो.

इथे एका दुःखद नावाचा उल्लेख टाळता येत नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयातील स्त्रीरोग विभागाच्या निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या २६ वर्षांच्या होत्या, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातल्या, जळगावकडच्या. वरिष्ठ सहकारी डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला, तीन जणींवर गुन्हा दाखल झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. कोण किती दोषी, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. तो अधिकार माझा नाही. पण एक गोष्ट त्या घटनेने सगळ्या महाराष्ट्रासमोर आणली. रात्रीची जाग, कामाचा ढीग, परीक्षेची भीती हे सगळ्यांच्या वाट्याला येते. मात्र ज्याच्या घरात पूर्वी कोणी डॉक्टर नव्हते, जो राखीव जागेवरून आला, त्याच्या वाट्याला 'तू इथला नाहीस' हे ऐकणे जास्तीचे येऊ शकते. मघाशी म्हटल्याप्रमाणे हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. इथे जमीन हलकी म्हणजे बुद्धी हलकी नव्हे. मागे पाणी कमी, एवढाच अर्थ. विचारायला काका नाही, ओळखीचे सर नाहीत, घरी सांगितले तर कळणार नाही. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फार जवळचा आहे. मेळघाटातली कोरकू मुले आणि आपल्या तालुक्यातली शेतमजुरांची मुले आता कुठे या शिक्षणात शिरू लागली आहेत. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. पण रॅगिंग पहिल्या वर्षाच्या वसतिगृहातच होते असा आपला समज असतो. ते शस्त्रक्रियागृहात, शिकवण्याच्या नावाखालीही होऊ शकते.

आता थोडे आपल्या बाजूकडे पाहू, कारण या वातावरणात आपणही आहोत. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी मारहाण केली आणि त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले आणि हजारो रुग्णांचे हाल झाले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तरी असे प्रसंग का घडतात? नातेवाईक दुष्ट असतात म्हणून नव्हे. ते दोन दिवस जागे असतात, मजुरी बुडालेली असते, गाडीभाड्याला सोने गहाण टाकलेले असते, आणि आपल्या माणसाला काय झाले आहे हे त्यांना कोणी बसवून सांगितलेले नसते. तज्ज्ञ नसणे, यंत्र बंद असणे, औषध बाहेरून आणावे लागणे हे दोष वरचे असतात. पण वरचा माणूस रात्री दोनला तिथे नसतो. समोर असतो तो २५-२६ वर्षांचा विद्यार्थी. दोन थकलेली माणसे एकमेकांसमोर उभी राहतात आणि भडका उडतो. आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हे दुःख ओळखत होते. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांसोबत त्यांच्या नातेवाइकांचीही राहण्याची सोय होते. आजारी माणसाबरोबर त्याच्या सोबत्यालाही डोके टेकायला जागा लागते, हे तिथे ओळखले गेले. डॉक्टरलाही ती लागते. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या निवासी डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ती विश्रांतीसाठी सभागृहात गेली होती. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमले, आणि विश्रांतीची खोली हा साधा विषय देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी शासनाने करायच्या आहेत : रिकामी पदे भरणे, वसतिगृहे दुरुस्त करणे, वॉर्डबॉय आणि समाजसेवा अधीक्षक पुरेसे नेमणे. जानेवारी २०२३ मध्ये 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने संप केला, तेव्हा मागण्यांत वरिष्ठ निवासी डॉक्टरांची पदे आणि वसतिगृहांची दुरुस्ती होती. विद्यार्थ्याला खोली नीट मिळावी म्हणून संप करावा लागतो, यातच सगळे आले. मधल्या गोष्टी शिक्षकांच्या हातात आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. चूक झाली तर चार लोकांत फाडून काढण्याऐवजी बाजूला घेऊन सांगणे, रात्री विद्यार्थ्याचा फोन उचलणे, सकाळी त्याने काही खाल्ले का एवढे विचारणे, यांना कोणत्याही अंदाजपत्रकाची मंजुरी लागत नाही. जो ज्येष्ठ म्हणतो, "आम्हीही असेच सोसले", त्याला नम्रपणे विचारावे लागेल की सोसणे आणि शिकणे या दोन गोष्टी एकच होत्या का. सासूने सोसले म्हणून सुनेने सोसावे, हा न्याय आपण घरातून घालवायला निघालो आहोत. रुग्णालयात तो का ठेवावा?

लहान गोष्टी आपल्या हातात आहेत. रुग्णाबरोबर दहा जणांनी जाण्याऐवजी दोघांनी जावे. आधीचे सगळे कागद एका पिशवीत नीट लावून न्यावेत. घरातल्या एकानेच डॉक्टरशी बोलावे आणि इतरांना सांगावे. न कळलेले पुन्हा विचारावे, पण आवाज न चढवता. आणि ज्या घरातली मुले या शिक्षणात आहेत, त्या घरांनी "थकलो" हा शब्द ऐकायला शिकावे. "एवढा खर्च केला, आता मागे फिरू नको", हे उत्तर त्या शब्दाला नव्हे. झोप उडाली, जेवण तुटले, जगणे नकोसे वाटू लागले, असे कोणीही म्हटले तर त्याला एकटे सोडू नये आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीतून बोलता येते. हा क्रमांक डॉक्टरसाठीही आहे, शेतकऱ्यासाठीही आहे, आणि आपल्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यासाठीही आहे.

हे सगळे आपल्यासाठी आता आणखी जवळ आले आहे. २०२४ साली अमरावती, बुलढाणा आणि वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ३ महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावे असाही नियम झाला आहे. म्हणजे शिकणारा डॉक्टर पाहायला यापुढे नागपूर-मुंबईला जावे लागणार नाही. तो आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांवर, आपल्याच बोलीत हात बसवणार आहे. नव्या महाविद्यालयाच्या इमारती उभ्या राहतात तेव्हा खाटा किती, जागा किती, यंत्रे कोणती, याची चर्चा होते. त्याबरोबर आपण हेही विचारले पाहिजे की रात्री शिकाऊ डॉक्टरला झोपायला खोली आहे का, जेवण मिळते का, आणि त्याने विचारले तर उत्तर द्यायला कोणी ज्येष्ठ जागेवर आहे का. हे प्रश्न विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. ते ग्रामसभेतून, वर्तमानपत्रातून, आमदारांना दिलेल्या निवेदनातून कोणालाही विचारता येतात. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही येतात, म्हणूनच ते या अंकात विचारले आहेत.